काळ्या दगडाखाली

शेजारचा जुना बंगला पाडून तिथे बारा मजले येणार, ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली तेव्हा सगळी चर्चा उजेड आणि पार्किंग यांच्यावरच झाली. खड्ड्याचा विचार कुणी केला नव्हता. बंगला चार दिवसांत गेला, आंब्याचं झाड पाचव्या दिवशी गेलं, मग पोकलेन आला. पहिले दोन दिवस त्याने माती आणि मुरूम उपसला, तोवर आवाज सोसण्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी खडक लागला आणि पोकलेनच्या तोंडाला ब्रेकर बसवला. तो सकाळी साडेनऊला सुरू झाला की आमच्या तिसऱ्या मजल्यावर कपाटाच्या काचा किणकिणायच्या, पिंपावरची ताटली सरकत सरकत कडेला यायची आणि फरशीतून तळपायाला मुंग्या चढाव्यात तशी थरथर चढायची. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. आतून पोळ्यांचा वास आणि पोळपाटाचा टकटक आवाज येत होता. आवाज थांबला. मला वाटलं, पीठ संपलं असेल. पाच मिनिटांनी उठून पाहिलं तर तव्यावर अर्धी कच्ची पोळी, गॅस बंद, सिलिंडरचं बटणही बंद, आणि घराचं दार सताड उघडं. मावशी जिन्यात उभ्या होत्या. पिठाच्या हातांनी दोन्ही चपला छातीशी धरून.

मी हसले. म्हणजे अगदी मोठ्याने नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत. म्हटलं, "अहो मावशी, ब्रेकर आहे तो. शेजारी खोदतायत." त्या म्हणाल्या, "माहीत हाय की ओ ताई. पाय ऐकत न्हाईत." आणि चपला परत दाराशी ठेवून, हात धुऊन, गॅस पेटवून राहिलेली पोळी भाजायला लागल्या. ती पोळी त्यांनी डब्यात न घालता स्वतःसाठी बाजूला ठेवली, हेही मला नंतर आठवलं.

माझं ते हसणं मला पुढे महिनाभर टोचत राहिलं.

खड्डा मात्र मी रोज पाहायला लागले. गॅलरीतून त्याची पश्चिमेची भिंत सरळ दिसते, सुरीने केक कापावा तशी. सगळ्यात वर बंगल्याच्या बागेची काळपट माती, जेमतेम हातभर. तिच्या खाली पिवळट तपकिरी मुरूम, आणि त्या मुरमात अडकलेले मोठमोठे गोल धोंडे, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे कडेने सुटत चाललेले. मग राखाडी, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. त्याच्या खाली वीतभर रुंदीचा विटकरी तांबडा पट्टा, सरळ, पाणसळीत नाही पण जवळजवळ आडवा. आणि त्याच्या खाली काळा पाषाण, ज्यावर ब्रेकर दिवसभर डोकं आपटत होता. विहिरी खणणाऱ्या माणसांकडे या सगळ्याला शब्द आहेत. माण तालुक्यातल्या आमच्या शेतात विहीर खोल करायला घेतली होती तेव्हा आजोबा यारीशी उभे राहून वर येणाऱ्या प्रत्येक पाटीकडे बघत आणि सांगत: मुरूम चाललाय, आता मांजऱ्या लागला, मांजऱ्यात पाणी असतंय, गेरू आला, आता काळा पाषाण, आता पैसे बुडाले. मांजऱ्याला मांजऱ्या का म्हणतात हे विचारायचं राहून गेलं. पाटीतून कधी कधी दगडाऐवजी एखादी गारगोटी यायची. आतून पोकळ, पोकळीत काचेच्या सुयांचे झुबके. आजोबा ती धोतराला पुसून माझ्या हातावर ठेवायचे. तशी एक अजून माझ्या खिडकीत आहे. पुढे कळलं की पुणे, नाशिक, जळगाव या पट्ट्यातल्या खाणींमधून निघणारी ही स्फटिकं जगभरच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेली असतात, आणि वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट तर जाणकार जिवापाड जपतात. आमच्याकडे गारगोटीने दार अडवून ठेवायचं काम केलं.

कॉलेजात माझा तिसरा विषय भूगर्भशास्त्र होता. आवडीने घेतला नव्हता. गणित टाळायचं होतं आणि या विषयाला सहली असतात असं कुणीतरी सांगितलं होतं. त्या एका वर्षाने माझी एक खोड कायमची जडवली. घाटातून गाडी चालली की मी डोंगराच्या पायऱ्या मोजते. सह्याद्रीच्या प्रत्येक कड्याला त्या आहेत. एक उभी भिंत, मग गवताची तिरकी पट्टी, पुन्हा भिंत, पुन्हा पट्टी. प्रत्येक भिंत म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट. या सगळ्या खडकाला दख्खन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप या शब्दाचं मूळ स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दात आहे, आणि गारगोटीतल्या त्या सुयांना झिओलाइट हे नाव देणाराही एक स्वीडिश माणूसच होता. माण तालुक्यातल्या विहिरीत स्वीडनहून आलेले दोन शब्द पडलेले आहेत ही कल्पना मला तेव्हा फार गमतीची वाटली होती. आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, पाणी पडलं असतं तर बरं झालं असतं.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा हा तुकडा आफ्रिका-मादागास्करपासून सुटून उत्तरेकडे निघालेला होता, आणि जिथे आज रियुनियन बेट आहे त्या जागेवरून जाताना खालून तापला, फाटला. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शंकूसारखा डोंगर येतो. इथे तसं झालं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उतू गेला, दूध जातं तसा, शेगडीभर. थिजला, पुन्हा उतू गेला. पश्चिमेकडून निघालेले काही लोट आंध्रात थेट राजमहेंद्रीपर्यंत पोचले असं मानतात, म्हणजे हजारभर किलोमीटर. आज उरलाय तो पसाराच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. कळसूबाई, महाबळेश्वर, अजिंठ्याचा कडा, मुंबईची गिल्बर्ट हिल, सगळं त्या उतू गेलेल्यातलं. याच काळात पश्चिमेचा एक तुकडा सुटला आणि समुद्रात मागे राहिला. त्यालाच आज सेशेल्स म्हणतात. लोकांना या गोष्टीत डायनोसॉर ऐकायचे असतात, मला त्यांच्यात कधी रस वाटला नाही. मला रस आहे त्या तांबड्या पट्ट्यात. तो म्हणजे दोन उतांमधली उसंत. एक लोट थिजला, त्यावर ऊनपाऊस झाला, दगडाची माती व्हायला लागली, कुठे तळी साचली, वरळीला तर त्या तळ्यांतले बेडूकसुद्धा दगडात सापडलेत. आणि मग पुढचा लोट आला आणि ती माती भाजून विटेसारखी लाल करून वर बसला. आमच्या शेजारच्या खड्ड्यात ती उसंत वीतभर आहे. हजारो वर्षांची असेल. पोकलेनने ती एका दुपारीत उपसली.

मराठीत एखादी गोष्ट पक्की ठरली की ती काळ्या दगडावरची रेघ होते. हे मला त्या खड्ड्याकडे बघताना आठवलं, कारण आमच्याइतका त्या दगडावर विसंबलेला समाज दुसरा क्वचितच असेल. किल्ले त्यावर, लेणी त्यात, देव त्याचे, उंबरठा त्याचा, जातं, पाटा-वरवंटा त्याचे. लहानपणी दारावर "पाट्याला टाकीऽऽ" ओरडत बायका यायच्या आणि छिन्नीने पाट्यावर टकटक ठिपके पाडून द्यायच्या. महिन्या-दोन महिन्यांत ते घासून जायचे. साडेसहा कोटी वर्षांचा लाव्हा आम्ही ओल्या खोबऱ्याच्या चटणीसाठी झिजवला आहे. बाकीच्या जगात जमीन हलते ती जपानात, हिमालयात. आपल्याकडे दगड आहे. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं.

आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्याही नकाशात तेच होतं.

1993च्या सप्टेंबरात मी पुण्यात हॉस्टेलवर होते, विषय नुकता घेतला होता. अनंत चतुर्दशीची रात्र होती. पुण्यातली मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको की त्या रात्री शहर झोपत नाही. आम्ही मुली लक्ष्मी रोडच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर उभं राहून बारापर्यंत गणपती पाहिले होते, हॉस्टेलच्या वेळेचा एका दिवसापुरता अपवाद होता. खोलीवर येऊन पडले तरी कानात ढोल घुमत होते. पहाटे कधीतरी खिडकीची काच खडखडली, लोखंडी कॉट जराशी सरकल्यासारखी झाली, मांडणीवर माझा स्टीलचा पेला पडला. मी डोळे न उघडता मनात म्हटलं, मंडळ जवळ आलं वाटतं, फार मोठं पथक दिसतंय. आणि कूस बदलून झोपले. तीन वाजून छप्पन्न मिनिटं झाली होती हे सकाळी रेडिओवरून कळलं. लातूर, किल्लारी, सास्तूर, ही नावं आधी ऐकली, मग आकडे. मृतांचा आकडा कुणी आठ हजार सांगतं, कुणी दहा. तिथेही लोक गणपती बोळवून, दमून, उशिरा घरात जाऊन झोपले होते.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला आमच्या सरांनी देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा फळ्यावर टांगला. तेव्हा त्यात पाच क्षेत्रं होती. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पट्टीने किल्लारीची जागा दाखवली. तिचा रंग पहिल्या क्षेत्राचा होता, सगळ्यात कमी धोक्याचा. पुस्तकात दख्खनच्या पठाराला 'स्थिर' म्हटलेलं होतं, आणि आम्ही त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती, परीक्षेला येतो म्हणून. सर म्हणाले, पुस्तक उघडू नका आज. एवढंच आठवतं. पुढे 2002 साली नकाशा बदलला, पहिलं क्षेत्र काढूनच टाकलं आणि लातूरचा तो भाग तिसऱ्यात गेला. ज्या वर्षी मी बी.एस्सी. झाले त्या वर्षीच्या पुस्तकात मात्र 'स्थिर' तसाच होता.

मावशी किल्लारीशेजारच्या उमरगा तालुक्यातल्या, हे मला त्या आमच्याकडे कामाला आल्यापासून माहीत होतं. म्हणजे अकरा वर्षं. उमरगा आणि त्यांचं वय या दोन गोष्टी मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. जिन्यातल्या त्या सकाळनंतर मी विचारलं नाही, त्याच थोडं थोडं बोलायला लागल्या, बहुतेक वेळा माझ्याकडे पाठ करून, कणीक मळताना. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासर सोलापूरच्या बाजूला. गौरी जेवल्या तसं त्यांना माहेरी जायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, गणपती बोळवल्याशिवाय घरची सून हलायची नाही. "मी लई रडले बगा. अबोला धरला म्हातारीशी. सा दिवस." त्या पहाटे सासरचं घरही हललं, पत्र्यावरचे धोंडे घरंगळले, भांडी पडली, त्या एका पायात चपल घालून रस्त्यावर आल्या, दुसरा पाय रक्ताने भरला. घर उभं राहिलं. माहेरचं राहिलं नाही. आई, मोठा भाऊ, त्याची बायको आणि भावाची लहान पोर. वडील शेतात झोपायला गेले होते म्हणून वाचले, आणि पुढे सहा वर्षं जगले. "जगले म्हंजे व्हते," मावशी म्हणाल्या.

"म्हातारीमुळं जगले मी," असंही एकदा म्हणाल्या. "पर तिच्याशी नीट कदी बोलले न्हाई त्याच्यानंतर." याचं काय करायचं ते मला कळलं नाही. मी त्यांना चहा दिला.

वर्षभर आधीपासून जमीन गुरगुरत होती, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं की ही नंतर जुळवलेली आठवण असेल. तशी ती नव्हती. 1992च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के बसत होते, त्यातला सगळ्यात मोठा ऑक्टोबरात, दिवाळीच्या थोडा आधी. तेव्हा लोक घाबरून महिनोन्‌महिने बाहेर झोपले. मग धक्के कमी झाले. थंडी, पाऊस, म्हातारी माणसं, लहान मुलं, माणूस किती दिवस बाहेर झोपेल? "आई म्हणायची, दगडाचं घर हाय आपलं, पत्र्याचं न्हाई." दगडाचं घर ही त्या भागात ऐपतीची खूण. अडीच-तीन फूट रुंद भिंती, आत-बाहेर न घडवलेले काळे धोंडे, मध्ये भरड, सांधायला माती. वर माळवद: लाकडं, त्यावर मातीचा थर, गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी आणखी माती. उन्हाळ्यात आत गार. भूकंप 6.2चा होता, जगाच्या हिशेबात मध्यम, पण उगम फार खोल नव्हता. भिंतींचे पदर दोन्हीकडे सुटले आणि माळवद खाली आलं. म्हणजे वरूनही माती, बाजूनेही दगड. विटेच्या आणि पत्र्याच्या घरातली पुष्कळ माणसं वाचली. ज्यांच्याकडे जास्त दगड होता त्यांची घरं जास्त पडली. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं, कारण ते फार चटकदार वाटलं. पण आहे ते असं आहे.

त्या ढिगाऱ्यातून माहेरची एकच अख्खी वस्तू निघाली, आईचा वरवंटा. पाटा दुभंगला होता. वरवंटा मावशींकडे पुण्यात आहे, दुसऱ्याच कुठल्यातरी पाट्यावर चालतो. "मापाचा न्हाई, पर चालतो."

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ एक बोअर घेतलं, 617 मीटर. आपल्याकडचे शेतकरी हल्ली पाण्यासाठी हजार फूट जातात, हे त्याच्या दुपटीच्या आसपास. 338 मीटरवर काळा दगड संपला. त्याच्या खाली आठेक मीटरचा गाळाचा थर लागला. मला या आठ मीटरचं फार वाटतं. पहिला लोट आला त्या दिवशी तिथे जी जमीन होती ती ही. कुठली तरी नदी, तिचा चिखल. आणि त्याच्या खाली अतिप्राचीन खडक, अडीचशे कोटी वर्षांच्याही मागचा. कर्नाटकात धारवाडकडे उघड्यावर दिसतो त्या कुळातला. त्यात जुन्या भेगा आहेत. लाव्हा यायच्या कितीतरी आधी पडलेल्या, बुजलेल्या, पुन्हा उकललेल्या. काळ्या दगडाने त्यांच्यावर पांघरूण घातलं एवढंच. बाहेरून पाहणाऱ्याला त्या दिसत नाहीत, म्हणून नकाशाचा रंग तसा.

पांघरुणाखाली काय काय आहे हे त्याच्या काठावर गेल्याशिवाय कळत नाही. एका लग्नाला नागपूरला गेले होते. वऱ्हाडी मंडळी संत्रा बर्फी घ्यायला गेली आणि मी सीताबर्डीची टेकडी पाहत बसले. ती टेकडी काळ्या दगडाची आहे आणि शहराच्या पूर्वेला तो दगड संपतो. पुढे जुने खडक, मँगनीज, आणि दक्षिणेला चंद्रपूरकडे कोळसा. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी इथल्या दोन लोटांमधल्या मातीतून शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष वेचत फिरला. 1863 साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाला. त्या कोळशाच्या खडकांना गोंडवन हे नाव गोंडांच्या मुलखावरून पडलं, आणि पुढे दक्षिणेकडचे सगळे खंड जोडून जो महाखंड कल्पिला त्यालाही तेच. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, सगळ्यांच्या मूळ घराचं नाव आपल्या गोंड माणसावरून, आणि त्याच्या स्वतःच्या नावावर त्या कोळशातलं काही नाही. हा विषय वेगळा आहे, पण मनात येऊन गेला.

जुन्या भेगा असतीलही, पण त्यांना आत्ताच, 1993च्या पहाटे, हलायचं काय कारण? तर ते अंगण सोडून हजार मैलांवर आहे. रियुनियनवरून निघालेला हा तुकडा साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला आणि अजून थांबलेला नाही. वर्षाला जवळपास पाच सेंटिमीटर उत्तरेकडे ढकलतोच आहे. पुढे हिमालय, मागून समुद्राचा तळ रेटतोय. गच्च भरलेल्या एसटीत पुढच्या दाराशी दाबलं की मागच्या बाकावरच्या माणसाचं कोपर कुणाच्या तरी बरगडीत घुसतं, तसा तो दाब सगळ्या देशाच्या अंगात साठत राहतो आणि जुनी दुखरी जागा शोधतो. त्या पहाटेपासून बत्तीस वर्षं झाली. मी हिशेब केला. तेव्हापासून आपण सगळे मिळून साधारण एक मीटर साठ सेंटिमीटर सरकलो. मावशींची उंची तेवढीच असेल.

माझ्या आईकडची गोष्ट याहून जुनी. ती पाटण तालुक्यातली, कोयनेच्या खोऱ्यातली. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं, आई तेव्हा अकरा वर्षांची. तिच्या आठवणीत थंडी आहे, गोठ्यातल्या म्हशीचं ओरडणं आहे, आणि "धरण फुटलं, धरण फुटलं" म्हणत अंधारात डोंगराकडे पळणारी माणसं आहेत. धरण फुटलं नव्हतं. त्याला तडे गेले, पण ते राहिलं. कोयनानगर पडलं. सुमारे 180 माणसं गेली. आईची आजी म्हणायची, नदीला बांधून घातली, तिने अंग झटकलं. आई शिकलेली, तिला या बोलण्याची लाज वाटायची. पण 1962च्या सुमारास पाणी अडवायला सुरुवात झाली आणि लहान धक्के तेव्हापासूनच लागले, आणि पुढे शास्त्रज्ञांनी जे मांडलं ते म्हाताऱ्या आजीपासून फार लांब नव्हतं: पाण्याचा भार, भेगांत मुरणारं पाणी, आधीच ताणात असलेला खडक. धरणाने ढकललं एवढंच, ताण आधीचा. आजही तिथे धक्के बसतात, सगळे साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या तुकड्यात. म्हणून शास्त्रज्ञांनी तिथेच मुक्काम टाकला. कराडजवळ प्रयोगशाळा उभी केली आणि 2017मध्ये गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. तिथे काळा दगड 1,247 मीटरवर संपला, आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. मध्ये गाळ नाही. लाव्हा थेट उघड्या खडकावर ओतला गेला होता. आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, एवढं खाली जाऊन काय मिळालं? मी म्हटलं, तापमान मोजतात, दाब मोजतात. ती म्हणाली, आणि धक्का कधी येणार ते? मी म्हटलं, ते नाही सांगता येत. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

गेल्या आठवड्यात खड्डा तळाला पोचला असं वॉचमनने सांगितलं. दोन दिवस ब्रेकर बंद होता. मावशी गॅलरीत कपडे काढायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत, म्हणून मी गेले. त्या कठड्याला टेकून खाली बघत होत्या. तळाशी काळं पाणी साचलं होतं आणि एक कामगार त्यात पाइप सोडत होता.

"केवढं खोल गेले," मावशी म्हणाल्या. "समदा काळा दगडच की."

"हो. अजून पुष्कळ खाली तोच आहे."

"आन त्याच्या खाली?"

मी सांगायला लागले. जुना खडक, त्याच्या भेगा, किल्लारीचं बोअर, 338 मीटर. त्यांनी किल्लारीचं नाव आल्यावर मान हलवली, आकड्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. माझं सांगून झालं तसं म्हणाल्या, "तुमी बगितलंय का, इथं खाली काय हाय ते?"

"नाही."

"मग त्या दिशी हसला कशापायी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यांनी त्याची वाटही पाहिली नाही. टॉवेलांचा ढीग माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या. अकराला ब्रेकर परत सुरू झाला, कुठेतरी कोपरा राहिला असणार. ताटली सरकायला लागली. आतून बटण फिरवल्याचा आवाज आला, मग दार उघडल्याचा. तीन पोळ्या व्हायच्या राहिल्या होत्या.